रिकाम्या पुंगळ्या मोजायच्या कुणी? सीमेवरची खाजगी हत्यारी गस्त आणि कायदा

माझा भाचा दोन वर्षं पहाटे साडेचारला उठून साताऱ्याला पळायला जातो. सोळाशे मीटर, बीम, नऊ फुटी खड्डा, सगळं चालू आहे. दोनदा भरतीला उतरला, दोन्ही वेळा थोडक्यात राहिला. परवा जेवताना त्यानं मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला. अमेरिकेतलं वाळवंट, लांबलचक कुंपण आणि फौजी रंगाचे कपडे घालून, रायफली घेऊन फिरणारी माणसं.

"आत्या, ही आर्मीतली नाहीत बरं का. साधी माणसं आहेत. आपणहून बॉर्डरवर गस्त घालतात. आपल्याकडं का नाही असं? भरतीतनं राहिलेली आमच्यासारखी हजार पोरं उद्या उभी राहतील."

मी तोंड उघडायच्या आत आप्पा बोलले. माझे वडील मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झाले. "रेंजवर फायरिंग झालं की आम्हाला रिकाम्या पुंगळ्या वेचून परत द्यायला लागायच्या. एक जरी कमी पडली तरी सगळे गवतात गुडघ्यावर. ह्यांच्या पुंगळ्या कोण मोजतं?"

भाचा गप्प बसला, पण त्याचं समाधान झालं नव्हतं. मी साताऱ्याच्या कोर्टात वकिली करते, त्यामुळे उरलेलं उत्तर माझ्यावर आलं. ते त्याच्या एकट्यापुरतं नाही. आमच्या भागात दर चार घरांमागे एक फौजी आहे. साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरीतल्या ४६ जवानांनी पहिल्या महायुद्धात जीव दिला, हे इथल्या शाळकरी पोरालाही माहीत असतं. अशा मातीत हा प्रश्न उठणारच, आणि त्याला "कायद्यात बसत नाही" एवढं तुटक उत्तर देऊन भागत नाही.

आधी त्या व्हिडिओतल्या देशाचं बघू. अमेरिका आणि मेक्सिकोची सीमा ३,१०० किलोमीटरच्या वर आहे. ती राखायचं काम केंद्र सरकारचं. त्यासाठी बॉर्डर पेट्रोल नावाचं वेगळं, गणवेशातलं दल आहे. तरीही २००५ च्या एप्रिलमध्ये अरिझोना राज्यात 'मिनिटमन प्रोजेक्ट' नावानं शेकडो सामान्य माणसं सीमेवर जमली. सरकार काही करत नाही, मग आम्हीच राखण करतो, असं त्यांचं म्हणणं. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष बुश स्वतः सीमाभागातल्या टेक्सासचे. पण त्यांनीही कायदा हातात घेणाऱ्यांना आपला विरोध आहे, असं जाहीर सांगितलं होतं.

आता इथं एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण बहुतेकांची गफलत इथंच होते. अमेरिकेत बंदूक बाळगणं हा नागरिकाचा घटनेनं दिलेला हक्क आहे. अरिझोनात तर २०१० पासून परवान्याशिवाय पिस्तूल कमरेला लावून बाजारात जाता येतं. मग पन्नास माणसांनी आपापली बंदूक घेऊन सीमेवर उभं राहिलं तर बिघडलं काय? तिथला कायदा म्हणतो, एकट्याची बंदूक वेगळी आणि फौज वेगळी. एका हुकमाखाली चालणारी, कवायत करणारी, गस्तीच्या पाळ्या लावणारी हत्यारबंद टोळी झाली की ती फौज झाली, आणि फौज उभी करायचा अधिकार फक्त सरकारला.

हे आजकालचं नाही. १८७९ साली शिकागोत हर्मन प्रेसर नावाच्या माणसानं जर्मन कामगारांच्या सुमारे ४०० जणांच्या पथकाला रायफली देऊन रस्त्यावरून संचलन करत नेलं. स्वतः पुढं घोड्यावर, हातात तलवार. या कामगारांची बाजू काही खोटी नव्हती. कारखानदारांच्या भाडोत्री माणसांकडून त्यांना मार बसत होता, म्हणून ते तयारी करत होते. पण इलिनॉय राज्याच्या कायद्यानं परवानगीशिवाय असं पथक चालवायला बंदी होती. प्रेसरला दहा डॉलर दंड झाला. तो पार सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १८८६ मध्ये हरला. शस्त्र बाळगण्याच्या हक्कात खाजगी फौज चालवण्याचा हक्क येत नाही, हे तेव्हा ठरलं. २००८ मध्ये त्याच न्यायालयानं हेलर खटल्यात स्वतःच्या रक्षणासाठी बंदूक बाळगण्याचा हक्क पुष्कळ भक्कम केला, पण प्रेसरच्या निकालाला हात लावला नाही.

खुद्द अरिझोनाच्या राज्यघटनेत तर हे एकाच कलमात शेजारी शेजारी लिहिलंय. नागरिकाला स्वतःच्या रक्षणासाठी शस्त्र बाळगता येईल. पण त्यामुळे कुणाही व्यक्तीला किंवा कंपनीला हत्यारबंद माणसांचं पथक उभारायची, पोसायची किंवा कामाला लावायची मुभा मिळाली, असा अर्थ काढायचा नाही. १९१२ पासून हे कलम आहे. त्या काळी तिथल्या तांब्याच्या खाणींच्या कंपन्या संप मोडायला बंदूकधारी ठेवत. कलम लिहूनही १९१७ मध्ये सीमेजवळच्या बिस्बी गावात जे झालं ते वाचून अंगावर काटा येतो. खाण कंपनी आणि शेरीफ, म्हणजे तिथला निवडून आलेला पोलीसप्रमुख, यांनी मिळून सुमारे २,००० गावकऱ्यांना हत्यारं आणि दंडावर बांधायला पांढऱ्या पट्ट्या दिल्या. त्यांनी पहाटे घराघरांतून जवळजवळ १,२०० संपकरी आणि इतर माणसं ओढून काढली, जनावरांच्या डब्यांत कोंबली आणि शेजारच्या राज्यातल्या वाळवंटात नेऊन सोडली. त्यांत परदेशातून आलेले पुष्कळ होते. या गावकऱ्यांनाही आपण देश राखतोय असंच वाटत होतं.

आज अमेरिकेच्या पन्नासही राज्यांत खाजगी फौजेला रोखणारी काही ना काही तरतूद आहे. कुठं ती राज्यघटनेत, कुठं फौजदारी कायद्यात, तर कुठं शस्त्रांच्या कवायतीवरच बंदी. ओरेगॉन आणि व्हर्मॉंट या राज्यांनी २०२३ मध्ये नवे कायदे केले. जानेवारी २०२४ मध्ये सगळ्या देशासाठी एक विधेयकही मांडलं गेलं, पण ते मंजूर झालं नाही.

"मग ती माणसं मोकळी कशी फिरतात?" भाच्यानं लगेच विचारलं. बरोबर विचारलं.

त्याचं एक कारण म्हणजे नुसतं बघायला बंदी नाही. सार्वजनिक जागेत किंवा मालकाच्या परवानगीनं त्याच्या रानात खुर्ची टाकून दुर्बीण लावायची आणि कुणी दिसलं की बॉर्डर पेट्रोलला फोन करायचा, यात गुन्हा नाही. मिनिटमनवाले बराचसा वेळ हेच करत. गुन्हा सुरू होतो तो समोरच्याला थांबवलं, बसवून ठेवलं, झडती घेतली, बंदूक रोखली किंवा आपण सरकारी माणसं आहोत असं भासवलं की. आणि माझ्या मते खरी मेख इथं आहे. रात्रीच्या अंधारात लेकरं कडेवर घेतलेल्या माणसासमोर फौजी कपड्यातला, रायफल घेतलेला पुरुष उभा राहिला आणि म्हणाला 'बसा', तर तो बसणारच. बंदूक रोखायची गरजही पडत नाही. कागदावर ते 'आपणहून थांबले' होतं, प्रत्यक्षात ती अटक असते.

दुसरं कारण कायदा राबवणाऱ्यांचं. कलमं जुनी, वापरात नसलेली. आणि काही ठिकाणी स्थानिक शेरीफच या गटांना आपलं मानणारे. न्यू मेक्सिको राज्यात एप्रिल २०१९ मध्ये एका गटानं शेकडो लोकांना सीमेजवळ अडवून बॉर्डर पेट्रोलच्या हवाली केलं. त्यांतली पुष्कळ कुटुंबं आश्रय मागायला आली होती, आणि आश्रयाचा अर्ज सीमा कशीही ओलांडली तरी करता येतो, असं अमेरिकेचाच कायदा म्हणतो. राज्यपालांनी सांगितलं की सामान्य नागरिकाला कुणाला अटक करायचा, अडवून ठेवायचा अधिकार नाही. काही दिवसांत एफबीआयनं, म्हणजे केंद्राच्या तपास यंत्रणेनं, गटाच्या म्होरक्याला पकडलं. पण आरोप कुठला? पूर्वी गुन्ह्यात शिक्षा झालेली असताना बंदूक बाळगल्याचा. खाजगी फौज चालवल्याचा नाही.

दिवाणी कोर्टानं मात्र एकदा चांगलाच दणका दिला. २००३ मध्ये टेक्सासमधल्या एका रानात 'रँच रेस्क्यू' नावाच्या गटानं एल साल्वादोरच्या दोघांना धरलं. त्या दोघांनी नुकसानभरपाईचा दावा लावला आणि जिंकला. पैसे वसूल होईनात, तेव्हा २००५ मध्ये गटातल्या एकाची अरिझोनातली ७० एकर जमीन त्या दोघांना मिळाली. त्याच जमिनीवर गटाचा तळ होता. सांगली-साताऱ्याच्या शेतकऱ्याला ७० एकर जाणं म्हणजे काय हे मी सांगायला नको.

आणि एक घटना सांगताना मला अजून जड जातं. मे २००९, अरिझोनातलं अरिवाका नावाचं छोटं गाव. सीमा राखायचा दावा करणाऱ्या एका गटाची प्रमुख, शॉना फोर्ड, आणि तिचे साथीदार आपण पोलीस आहोत असं सांगून एका घरात शिरले. पैसा आणि अमली पदार्थ लुटून गटाला निधी उभा करायचा, असा बेत. घरातला बाप आणि त्याची नऊ वर्षांची मुलगी गोळ्यांनी मारली गेली. दोघंही अमेरिकेचेच नागरिक. २०११ मध्ये फोर्डला मृत्युदंड सुनावला गेला. प्रत्येक गट असा असतो, असं मी म्हणत नाही. पण अशा गटात कोण शिरतंय, त्याचं मागचं काय, डोकं ठिकाणावर आहे का, हे तपासणारं कुणी नसतं. आमच्या भाच्याला भरतीत चारित्र्य दाखल्यापासून दातांपर्यंत सगळं तपासून घेतात, त्याला हेच कारण आहे.

आता आपल्याकडे येऊ. आपल्या घटनेचं कलम १९ उघडा. एकत्र जमण्याचा हक्क दिलाय, पण शब्द आहेत शांततेने आणि शस्त्रांशिवाय. म्हणजे अमेरिकेत जिथून वाद सुरू होतो, तिथं आपला दरवाजा मुळातच बंद आहे. हत्यार घेऊन जमणं हा आपल्याकडे हक्क नाहीच. देशाचं संरक्षण आणि सैन्य हे विषय केंद्राच्या सूचीत, आणि परकीय आक्रमणापासून प्रत्येक राज्याचं रक्षण करायचं कर्तव्य कलम ३५५ नं केंद्रावर टाकलेलं. पाकिस्तान आणि बांगलादेशच्या सीमेवर सीमा सुरक्षा दल उभं असतं. १ डिसेंबर १९६५ ला ते स्थापन झालं आणि १९६८ च्या कायद्यानं चालतं. त्या कायद्यात जवानाला अधिकार आहेत, तशा चुकल्यावरच्या शिक्षाही आहेत.

बंदुकीचं म्हणाल तर १९५९ चा शस्त्र कायदा. परवाना मिळतो तो माणसाला, त्याच्या कारणासाठी: जिवाला धोका, पिकाची राखण, नेमबाजी. आमच्या पाटण-जावळीकडे रानडुकरांपासून पीक राखायला ठासणीच्या बंदुका असायच्या, जुन्या लोकांना आठवत असेल. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला जास्तीत जास्त दोनच हत्यारं. निवडणूक लागली की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करायचे हुकूम सुटतात, हे आपण बघतोच. परवान्याची बंदूक सरकार असं मागवून घेऊ शकतं, यातच तिचा स्वभाव कळतो. तिच्यावर गस्त घालायचा अधिकार कुठून येणार?

"पण समजा मला कुणी घुसताना दिसला, तर पकडायचं नाही?" पकडता येतं, पण किती ते बघ. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४०, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं (सीआरपीसी) ४३. तुझ्या डोळ्यांदेखत अजामीनपात्र आणि दखलपात्र गुन्हा (म्हणजे ज्यात जामीन हक्कानं मिळत नाही आणि पोलीस वॉरंटशिवाय पकडू शकतात असा) घडला तर तू माणसाला धरू शकतोस. पण विनाकारण उशीर न करता आणि सहा तासांच्या आत त्याला पोलिसांच्या ताब्यात द्यायचं. ही सहा तासांची मर्यादा १ जुलै २०२४ पासून आली. संशय आला म्हणून धरणं, भाषा वेगळी वाटली म्हणून 'कागद दाखव' म्हणणं, यात ते बसत नाही. एखाद्याची वाट अडवणं, कोंडून ठेवणं हेच उलट स्वतंत्र गुन्हे आहेत. आणि पाच जण गुन्हा करायच्या, जबरदस्तीच्या इराद्यानं जमले की तो बेकायदेशीर जमाव. गोळी एकानं झाडली तरी त्या उद्देशानं बरोबर असलेले सगळे आरोपी. माझ्याकडे अशा पोरांच्या आया येतात. 'माझा बाळ नुसता सोबत गेला होता ओ वकीणबाई,' म्हणतात. कायद्याला 'नुसता सोबत' कळत नाही.

मग जम्मूत गावकऱ्यांना बंदुका कशा दिल्या, असं कुणी विचारील. दिल्या आहेत. १९९५ पासून डोंगराळ भागात ग्राम संरक्षण समित्या झाल्या, थ्री नॉट थ्री रायफली दिल्या. २०२२ मध्ये त्यांची जागा ग्राम संरक्षण गटांनी घेतली, महिन्याला चार-साडेचार हजार मानधन ठरलं. पण तिथं गटाची यादी पोलिसांकडे, गट जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांच्या देखरेखीखाली. एवढं असूनही त्या समित्यांविरुद्ध तक्रारी आणि गुन्हे नोंद झालेच. १९६२ च्या युद्धानंतर १९६३ मध्ये उभ्या राहिलेल्या एसएसबीनं (आजचं सशस्त्र सीमा बल) तर सीमेवरच्या गावांना हत्यारं चालवायचं शिक्षणच दिलं होतं. तेही सरकारनं, सरकारच्या नोंदीत.

सरकारनं दिलं म्हणजे सगळं बरोबर, असंही नाही बरं का. छत्तीसगडमध्ये नक्षलवाद्यांविरुद्ध आदिवासी तरुणांना विशेष पोलीस अधिकारी म्हणून नेमलं. मानधन तीन हजार, प्रशिक्षण दोन महिने, आणि हातात बंदूक. ५ जुलै २०११ ला सर्वोच्च न्यायालयानं नंदिनी सुंदर खटल्यात हे घटनाबाह्य ठरवलं. अपुऱ्या शिक्षणानिशी गरीब पोरांना मरणाच्या तोंडी देणं हा त्यांच्याच जगण्याच्या हक्काचा भंग आहे, असं न्यायालयाचं म्हणणं होतं. हा निकाल मी भाच्याला मुद्दाम वाचायला दिला. कायदा अशा गस्तीला अडवतो तेव्हा तो समोरच्या अनोळखी माणसाला वाचवतोच, पण बंदूक धरलेल्या पोरालाही वाचवतो. तो जखमी झाला तर पेन्शन नाही, मेला तर तिरंग्यात गुंडाळून कुणी आणत नाही, आणि चुकून कुणाला मारलं तर खटला त्याच्याच नावावर.

आसाम सरकारनं २०२५ मध्ये काही संवेदनशील भागांतल्या मूळ रहिवाशांना शस्त्रपरवाने द्यायचा निर्णय घेतला. त्यावर वाद झाला. मला तो निर्णय पटलेला नाही. पण तोही वैयक्तिक परवानाच आहे, टोळी करून सीमेवर फिरायचं लायसन्स नाही.

शेवटी भाच्यानं ठेवणीतला प्रश्न काढला, आणि तो सातारा-सांगलीचाच पोरगा काढू शकतो. "मग पत्रीसरकार? नाना पाटलांची तुफान सेना? ती कुठं परवाना घेऊन उभी राहिली होती?"

नव्हती. १९४३ पासून कुंडल भागात, तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात, आपल्या माणसांनी इंग्रजांविरुद्ध हत्यारं घेतली, न्यायनिवाडे केले, सावकारांना आणि गुंडांना वठणीवर आणलं. आमच्या पणजोबांनी त्यांच्या भाकरी पोचवल्यात, आणि त्याचा मला अभिमान आहे. पण त्यांच्यासमोर जे राज्य होतं त्याला मत देऊन बदलता येत नव्हतं, त्याच्यावर दावा लावून जिंकता येत नव्हतं. स्वातंत्र्य आल्यावर या लोकांनी समांतर सरकार चालू ठेवलं नाही. स्वतः नाना पाटील निवडणूक लढवून लोकसभेत गेले. भाच्यानं यावर वाद घातला नाही, पण पूर्ण पटलं असंही दिसलं नाही. त्यानं विचार करत राहावं.

सीमा इथून शेकडो मैल लांब असली तरी हा विषय लांबचा नाही. १३ सप्टेंबर २०२२ ला सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्यात, लवंग्यात, उत्तर प्रदेशातून आलेल्या चार साधूंना पोरं पळवणारे समजून काठ्या-पट्ट्यांनी मारलं. कर्नाटकातून पंढरपूरला निघाले होते. एका मुलाला रस्ता विचारला, एवढंच निमित्त. पोलीस आले म्हणून जीव वाचले. २०१८ मध्ये धुळ्याच्या राईनपाड्यात वाचले नाहीत. भिक्षा मागायला आलेले मंगळवेढ्याकडचे पाच जण गेले. तिथल्या हातांत रायफली असत्या तर पोलीस पोचायलाही वेळ मिळाला नसता.

ज्याला खरंच राखण करायचीय त्याला वाटा आहेत. १९४८ च्या कायद्यानं चालणारी टेरिटोरियल आर्मी आपलं काम-धंदा सांभाळून करता येते, आणि मराठा लाइट इन्फंट्रीची टी.ए. बटालियन कोल्हापूरला आहे. १९४७ च्या मुंबई कायद्यानं चालणारा होमगार्ड आहे. सीमेवरच्या राज्यांत त्याची बॉर्डर विंगही असते. आणि गावात ग्रामसुरक्षा दल.

गेल्या महिन्यात आमच्या गावात पाण्याच्या मोटारी चोरीला गेल्या, तेव्हा पोरांनी रात्रीची गस्त सुरू केली. भाचा त्यात आहे. काठी, बॅटरी, शिट्टी. पोलीस पाटलांच्या घरी एक वही ठेवलीय. कोण कधी निघालं, कोण कधी परतलं, वाटेत कोण भेटलं, कुठल्या गाडीचा नंबर लिहिला, सगळं त्यात. आप्पा रोज सकाळी चहाच्या आधी ती वही बघायला जातात. परवा एका पानावर परतल्याची वेळ लिहायची राहिली होती, तर त्यांनी भाच्याला झोपेतून उठवून लिहायला पाठवलं.